संगणकाच्या चित्रात नाहीसे झालेले विमान

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत अलीकडे रडारलहरी गिळून टाकणाऱ्या एका नव्या लेपावर लेख आला होता. सोबत पानभर रंगीत चित्र होते. डावीकडून येणाऱ्या तांबड्या-निळ्या पट्ट्या विमानाच्या आकारावर आदळतात आणि परत काहीच येत नाही, असे त्यात दाखवले होते. लेप १ मिलिमीटर जाडीचा आहे, तो २ ते १८ गिगाहर्ट्झ या सर्व वारंवारतांवर ९९ टक्के ऊर्जा शोषतो, आणि त्यामुळे विमान रडारला ‘अदृश्य’ होते, हे ‘संगणकाने सिद्ध केले आहे’, असे लेखात म्हटले होते. मुद्दाम घडवलेल्या पृष्ठभागांवरून विद्युतचुंबकीय तरंग कसे विखुरतात याची आकडेमोड करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. लेखाचा विषय मला जिव्हाळ्याचा आहे आणि लेखकाने तो वाचकांपर्यंत आणला याचा आनंदही आहे. माझी हरकत ‘सिद्ध’ या शब्दाला आहे. ते चित्र कसे तयार होते हे वाचकांना कळले, तर त्यावर किती विसंबायचे हे त्यांचे त्यांनाच ठरवता येईल, म्हणून हे पत्र.

  

तरंग धातूच्या पत्र्यावर पडला की पत्र्यात विद्युतप्रवाह खेळू लागतात, आणि हे प्रवाह स्वतःच नवे तरंग बाहेर टाकतात. आपण ज्याला परावर्तन म्हणतो ते या नव्या तरंगांचे एकत्रित फळ असते. अडचण अशी की पत्र्याच्या एका बिंदूतील प्रवाह केवळ बाहेरून आलेल्या तरंगावर ठरत नाही. बाकीच्या सर्व बिंदूंनी टाकलेले तरंगही त्याच्यावर परिणाम करतात, आणि तो स्वतः त्या सर्वांवर परिणाम करतो. यासाठी लागणारी समीकरणे मॅक्सवेल यांनी १८६५ मध्येच दिली, आणि रडार, प्रकाश किंवा सूक्ष्मलहरी यांच्यासाठी त्यांत काही बदलावे लागत नाही. पण कागदावर नेमके उत्तर निघावे असे आकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. गोलाचे उत्तर गुस्ताव्ह मी यांनी १९०८ मध्ये काढले; अनंत लांबीचा दंडगोल आणि सपाट थर यांचीही उत्तरे आहेत. ज्या पृष्ठभागावर कोणी जाणूनबुजून खोबणी, कड्या, खांब किंवा भोके कोरली आहेत, त्याच्यासाठी संगणकाकडे जावेच लागते.

असे पृष्ठभाग काही परग्रहावरचे नाहीत. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारात बारीक भोकांचा पत्रा असतो. २.४५ गिगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असल्याने त्या तरंगाला भोके जाणवतच नाहीत, तो अखंड धातू समजून मागे फिरतो. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास लांबी असलेला प्रकाश मात्र त्याच भोकांतून सहज बाहेर येतो आणि आत काय शिजते आहे ते आपल्याला दिसते. पतंगाच्या डोळ्यावरचे सूक्ष्म उंचवटे प्रकाशाचे परावर्तन कमी करतात तेही याच तत्त्वावर. आणि अशा घडवलेल्या पृष्ठभागांसाठी आज रूढ असलेला ‘मेटासरफेस’ हा शब्द जन्मण्याच्या शंभर वर्षे आधी, १८९८ मध्ये, जगदीशचंद्र बोस यांनी तागाच्या पिळलेल्या जुड्यांतून विद्युतलहरी पाठवून त्यांच्या ध्रुवणाची दिशा (तरंगातील विद्युतक्षेत्र ज्या दिशेत कंप पावते ती) वळवून दाखवली होती. पीळ उलटा केला की दिशाही उलटी वळत असे. मूळ द्रव्यात नसलेला गुण तरंगलांबीहून लहान रचनेने पृष्ठभागाला देणे ही कल्पना एवढी जुनी आहे. नवी आहे ती अशी रचना आधी आकडेमोडीत घडवून मग कारखान्यात पाठवण्याची सोय.

ही आकडेमोड करण्याच्या ढोबळमानाने तीन वाटा आहेत. केन यी यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सगळी जागा लहान लहान घनांत विभागतात आणि काळाच्या छोट्या पावलांनी विद्युत व चुंबकीय क्षेत्र आळीपाळीने पुढे नेतात. आपल्या लेखातले पट्ट्यांचे चित्र बहुधा याच घराण्यातले असावे. दुसऱ्या वाटेत फक्त पृष्ठभागावरचे प्रवाह अज्ञात धरून त्यांच्यातील परस्परप्रभावाची एक प्रचंड सारणी सोडवतात. रॉजर हॅरिंग्टन यांच्या १९६८ च्या ग्रंथाने ही वाट रुळली. तिसरी आवर्ती पृष्ठभागांसाठी, म्हणजे तोच नक्षीचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो अशांसाठी आहे. तीत क्षेत्र आणि रचना दोन्ही फूरिए श्रेणीत, म्हणजे साध्या तरंगांच्या बेरजेत, लिहितात. मोहरम आणि गेलॉर्ड यांनी १९८१ मध्ये तिला आज वापरात असलेले रूप दिले.

या पद्धतींत अंदाजाला वाव आहे तो मॅक्सवेल यांच्या समीकरणांत नाही, ती समीकरणे संगणकात बसवताना करावी लागणाऱ्या काटछाटीत आहे. यी यांच्या जाळीत एका तरंगलांबीला दहा घरे धरली, तर संगणकातला तरंग खऱ्या तरंगापेक्षा सुमारे १ टक्का हळू चालतो. ऐकायला हा फरक क्षुल्लक वाटतो. पण शंभर तरंगलांब्या अंतर कापल्यावर तो पूर्ण एका तरंगलांबीने मागे पडलेला असतो, आणि जिथे दोन तरंग एकमेकांना खोडायला हवेत तिथे ते भलत्याच ठिकाणी खोडतात. घरे निम्म्या आकाराची केली तर चूक चौथाईवर येते, पण घरांची संख्या आठपट आणि काळाची पावले दुप्पट होतात, म्हणजे श्रम सोळापट. शिवाय संगणकातल्या खोलीला भिंती असतात. बाहेर जाणारा तरंग त्या भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून तिच्यावर शोषक थर लावावा लागतो, आणि असा खात्रीचा थर झां-पिएर बेरांझे यांनी १९९४ मध्ये शोधून काढेपर्यंत या पद्धतीचे निकाल भिंतीच्या प्रतिध्वनीने गढूळ होत असत.

प्रवाहांच्या सारणीचे गणित तर वाचकही करून पाहू शकतील. पृष्ठभाग दोन्ही बाजूंनी २० तरंगलांब्यांचा आहे आणि नक्षी नीट टिपण्यासाठी एकूण १ लाख अज्ञात राशी लागतात, असे समजू. सारणीत १ लाख गुणिले १ लाख, म्हणजे १,००० कोटी आकडे होतात. प्रत्येक संमिश्र संख्येला १६ बाइट धरले तर नुसती सारणी ठेवायलाच १६० गीगाबाइट स्मृती हवी. १० गिगाहर्ट्झला २० तरंगलांब्या म्हणजे ६० सेंटिमीटर. विमानाच्या पंखाचा हा किती भाग झाला ते सांगायला नको. १९९० च्या दशकात आलेल्या, दूरच्या प्रवाहांचा प्रभाव गटागटाने धरणाऱ्या जलद बहुध्रुव पद्धतींनी हा भार पुष्कळ हलका केला आहे आणि आज अख्ख्या विमानाच्या गुळगुळीत धातूच्या आकाराची गणना होऊ शकते. पण त्या आकारावर मिलिमीटरपेक्षा बारीक नक्षी सगळीकडे पसरली की पुन्हा तेच. प्रकाशासाठी केलेल्या सपाट भिंगांत हे आणखी ठळकपणे दिसते. १ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगावर ०.४ मायक्रॉन अंतराने खांब उभे केले तर त्यांची संख्या सुमारे ४९ कोटी भरते. असे भिंग कोणी खांबागणिक पूर्ण सोडवत नाही.

मग करतात काय? एक खांब किंवा नक्षीचा एक तुकडा घेतात, तो दोन्ही दिशांना अनंतापर्यंत जसाच्या तसा पसरलेला आहे असे मानतात आणि त्या अनंत सपाट पृष्ठभागाचे उत्तर काढतात. हे काही मिनिटांत होते. विविध आकारांच्या तुकड्यांची अशी उत्तरे एका कोष्टकात साठवून त्यांतून पूर्ण पृष्ठभाग जोडतात. युक्ती अत्यंत उपयुक्त आहे, मी स्वतः शेकडो वेळा वापरली आहे. पण तिच्यात प्रत्येक तुकड्याला आपले शेजारी आपल्यासारखेच आहेत असे सांगितलेले असते, आणि प्रत्यक्षात ते तसे नसतात. भिंगाच्या मध्याशी शेजाऱ्यांत फरक थोडा असतो, कडेला मोठा. म्हणून कडेकडे भिंगाचे काम गणनेपेक्षा खालावते. विमानाचा पृष्ठभाग वाकलेला आहे, त्याला कडा आहेत, सांधे आहेत, दारे आहेत, आणि रडारला परतणाऱ्या प्रतिध्वनीत नेमक्या या जागांचा वाटा मोठा असतो. अनंत सपाट पत्र्याला कडाच नसते.

आपल्या लेखातील ‘९९ टक्के शोषण’ हा आकडा अशाच अनंत पत्र्याचा असावा, असे मला वाटते. पुष्कळशा प्रोग्रॅममध्ये शोषण वेगळे मोजलेलेच नसते. १ मधून परावर्तन वजा करून उरेल त्याला शोषण म्हणतात. अनंत आवर्ती पत्र्यावर, नक्षीचे अंतर पुरेसे लहान असेल तर, हे योग्य आहे, कारण तरंगाला आरशासारखे परत जाणे किंवा शोषले जाणे एवढेच मार्ग असतात. मर्यादित आकाराच्या तुकड्यावर मात्र समोर परत न आलेली ऊर्जा बाजूंना विखुरलेली असू शकते. ती शोषणाच्या खात्यात जमा करणे म्हणजे घरातून बाहेर पडलेल्या माणसाला झोपलेला धरण्यासारखे आहे. आणि लहरी टिपणारे दुसरे रडार बाजूला उभे असेल तर त्याला ती दिसणारच.

आता उत्तर चुकले आहे हे ओळखायचे कसे, या प्रश्नाकडे येतो. तो या क्षेत्रात वाटतो त्याहून अवघड आहे. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये खोबणीदार पृष्ठभागांचे गणित मांडताना असे गृहीत धरले होते की खोबणीच्या आतसुद्धा क्षेत्र केवळ बाहेर जाणाऱ्या तरंगांच्या बेरजेने लिहिता येते. हे गृहीतक साधे आणि समंजस वाटते. साइनच्या आकाराच्या पृष्ठभागासाठी ते खोबणीची एकूण खोली आवर्ताच्या (एका खोबणीपासून पुढच्या खोबणीपर्यंतच्या अंतराच्या) सुमारे १४ टक्क्यांपेक्षा कमी असेपर्यंतच खरे आहे, हे १९६० च्या दशकात दाखवले गेले. मध्ये जवळपास साठ वर्षे गेली. गमतीचा भाग असा की त्या मर्यादेपलीकडेही ही पद्धत कधी कधी बरी उत्तरे देते, त्यामुळे ती कुठे कोसळते हे नुसते निकाल पाहून उमगत नाही.

फूरिए पद्धतीची गोष्ट आणखी बोधक आहे. धातूच्या खोबण्यांवर एका विशिष्ट ध्रुवणाचा तरंग पाडला की तिची उत्तरे फार सावकाश स्थिरावत. श्रेणीतील पदे कितीही वाढवली तरी आकडे हलतच राहत. समीकरणात अशा दोन राशींचा गुणाकार येतो की धातूच्या सीमेवर दोघीही एकाच ठिकाणी उडी मारतात, पण त्यांचा गुणाकार मात्र अखंड राहतो, आणि श्रेणी मध्येच तोडल्यावर हा गुणाकार नेहमीच्या नियमाने करता येत नाही. १९९६ मध्ये काही संशोधकांनी स्वतंत्रपणे उपाय सुचवला आणि लिफेंग ली यांनी त्यामागचे गणिती कारण स्वच्छ मांडले. म्हणजे १९८१ पासून पंधरा वर्षे ही पद्धत वापरात होती, आणि याच पद्धतीचा एक गुण असा की ऊर्जा न शोषणाऱ्या जालकासाठी (आवर्ती खोबण्यांच्या पृष्ठभागासाठी) ती पदे कमी घेतली तरी ऊर्जेचा ताळेबंद अगदी चोख जुळवून देते. हिशेब जुळला म्हणून उत्तर बरोबर, असे मानणारा येथे हमखास फसतो.

मीही फसलो आहे. चांदीच्या खोबण्यांच्या एका जालकावर मला जवळजवळ पूर्ण शोषणाचे एक सुरेख शिखर मिळाले होते, आणि त्याचे भौतिक कारणही मी दोन दिवसांत रचून टाकले होते. सहकाऱ्याने सहज विचारले, ‘पदे दुप्पट करून पाहिलीत का?’ केली, तर शिखर शेजारच्या तरंगलांबीवर सरकले. चौपट केली, तर नाहीसेच झाले. कारण मात्र वहीत तसेच राहिले, आणि ते वाचायला अजूनही पटण्याजोगे आहे. पृष्ठभागाच्या खऱ्या अनुनादाला जाळी बारीक केल्याने धक्का लागत नाही, म्हणून जाळी बारीक करून तोच आकडा येतो की नाही हे पाहणे, त्यालाच आम्ही अभिसरणाची तपासणी म्हणतो, आणि तिच्याशिवाय मिळालेला आकडा म्हणजे संगणकाचे मत.

अशा वेळी समीकरण न सोडवता लागू होणाऱ्या काही मर्यादा फार कामी येतात. त्यांतली एक या लेपाला थेट लागू पडते. कोन्स्टान्टिन रोझानॉव्ह यांनी २००० मध्ये दाखवले की धातूच्या पाठीवर लावलेला कोणताही निष्क्रिय (बाहेरून ऊर्जा न पुरवलेला) शोषक थर, त्याच्या आत नक्षी कशीही असो, आपल्या जाडीने ठरणाऱ्या एका हद्दीपलीकडे विस्तृत पट्ट्यावर शोषण करू शकत नाही. परिणाम कारणाच्या आधी घडत नाही, एवढ्याच तत्त्वावर ही हद्द उभी आहे. चुंबकीय गुण नसलेल्या थराला, सरळ समोरून येणाऱ्या तरंगाची ९९ टक्के ऊर्जा शोषायची असेल, तर पट्ट्याच्या सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड तरंगलांबीतील फरकाला ८.६ ने भागल्यावर जे येईल तेवढी जाडी किमान लागते. २ गिगाहर्ट्झला तरंगलांबी १५० मिलिमीटर आहे, १८ गिगाहर्ट्झला सुमारे १६.७. फरक १३३ मिलिमीटर, आणि किमान जाडी साडेपंधरा मिलिमीटर. लेखात १ मिलिमीटर आहे. १ मिलिमीटरच्या आदर्श थरालाही १० गिगाहर्ट्झच्या आसपास फार तर ८.७ ते ११.५ एवढाच पट्टा सांभाळता येईल. थर चुंबकीय असेल तर ही हद्द त्याच्या स्थिर चुंबकीय पार्यतेच्या (स्थिर चुंबकीय क्षेत्राला द्रव्य किती प्रतिसाद देते त्या मापाच्या) पटीत सैल होते. पण मग त्यात लोहचूर्णासारखे काही हवे, आणि लेखात लेप ‘पिसासारखा हलका’ म्हटला आहे. तेव्हा तीन आकड्यांपैकी निदान एक तरी छापताना किंवा त्याआधी कुठेतरी चुकला आहे.

९९ टक्के हा आकडा खरा धरला तरीही ‘अदृश्य’ हा शब्द बसत नाही. रडारला लक्ष्य किती अंतरावरून दिसते हे प्रतिध्वनीच्या चौथ्या मुळावर अवलंबून असते. प्रतिध्वनी शंभरावा हिस्सा झाला तर १०० किलोमीटरवर दिसणारे विमान सुमारे ३२ किलोमीटरवर दिसेल. लष्करी दृष्टीने हा फरक मोठा आहे, याबद्दल वाद नाही, पण त्याला नाहीसे होणे म्हणत नाहीत.

हे वाचून कोणी आकडेमोडच निरुपयोगी ठरवू नये. प्योत्र उफिमत्सेव यांनी १९६२ मध्ये कडांवरून होणाऱ्या विवर्तनाचे (तरंग वळून पसरण्याचे) गणित प्रसिद्ध केले. अमेरिकेतील लॉकहीड कंपनीच्या अभियंत्यांनी त्याचा आधार घेऊन प्रतिध्वनीची गणना करणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्यातून १९८१ मध्ये प्रथम उडालेले, रडारला चुकवणारे एफ-११७ विमान घडले. त्या विमानाचा अंगभर पैलू पाडल्यासारखा चमत्कारिक आकार वायुगतीला मानवणारा नव्हता. तेव्हाचा प्रोग्रॅम सपाट पैलूंचीच गणना नीट करू शकत होता, म्हणून विमान पैलूंचे झाले. गणनेची मर्यादा पत्र्यात उतरल्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. पण त्या अभियंत्यांनी प्रतिकृती खांबावर चढवून मैदानात मोजमापही केले. त्याचप्रमाणे २००६ मध्ये तांब्याच्या दंडगोलाभोवती तरंग वळवण्याचा जो गाजलेला प्रयोग झाला, त्याच्या कर्त्यांनी ८.५ गिगाहर्ट्झ ही वारंवारता आणि दोन पत्र्यांमधली द्विमितीय मांडणी या दोन्ही गोष्टी स्वतःहून सांगितल्या होत्या. ‘अदृश्य करणारी शाल’ वगैरे भर बातम्यांनी घातली.

म्हणून विनंती एवढीच, की अशा रंगीत चित्राखाली दोन ओळी जरूर छापाव्यात: चित्र मोजलेले आहे की गणलेले, वारंवारता कोणती, तरंग कोणत्या कोनातून व कोणत्या ध्रुवणाने आला, पृष्ठभाग अनंत मानला की मर्यादित, आणि जाळी बारीक केल्यावर आकडा हलला की तसाच राहिला. ही माहिती मूळ शोधनिबंधात बहुधा असतेच. प्रस्तुत लेखाच्या लेखकांनी २ ते १८ गिगाहर्ट्झ आणि १ मिलिमीटर हे दोन्ही आकडे कोठून घेतले ते आपल्या स्तंभातून कळवले, तर मी आभारी होईन. माझ्या वाचण्यात काही निसटले असेल तर तेही मला त्यामुळे समजेल.

आपला नम्र,
एक नियमित वाचक